रात्रपाळीचं बिल कोणाच्या नावावर?

जुलै २०२३मध्ये अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातली ‘अमेरिकन फिजिशियन पार्टनर्स’ ही कंपनी बंद पडली. शंभराहून अधिक रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांना डॉक्टर पुरवायचे, त्यांच्या कामाची बिलं पाठवायची आणि वसुलीतून त्यांचे पगार भागवायचे, असा तिचा व्यवसाय होता. महिनाअखेरीस गाशा गुंडाळत असल्याचं तिने कळवलं तशी रुग्णालयांची दुसऱ्या पुरवठादारांसाठी धावाधाव सुरू झाली. डॉक्टरांना वेगळीच चिंता होती. करून झालेल्या पाळ्यांचे पैसे मिळणार का? आणि आज तपासलेल्या रुग्णाने दोन वर्षांनी दावा ठोकला, तर त्यासाठीच्या विम्याचा हप्ता भरणार कोण? त्याच्या दोनच महिने आधी याच धंद्यातली कितीतरी मोठी कंपनी, एन्व्हिजन हेल्थकेअर, दिवाळखोरीच्या न्यायालयात गेली होती.

वर्षाला सरासरी साडेतीन लाख डॉलरच्या आसपास कमावणाऱ्या लोकांच्या पगाराची चिंता इतरांनी का करावी, असं कोणी विचारलं तर प्रश्न रास्तच आहे. पण अमेरिकेने गेल्या चाळीस वर्षांत आरोग्यव्यवस्थेत ज्या सुधारणा केल्या, त्यातल्या बहुतेकींचा हिशेब शेवटी कॅज्युअल्टीच्या टेबलावर येऊन पडला. विमा कोणाला मिळाला, कोणाचा गेला, विमा कंपनीने काय नाकारलं, सरकारने कुठे कात्री लावली, हे सगळं तिथल्या डॉक्टरच्या मिळकतीत दिसतं. त्यामुळे हा पगार पाहिला की धोरण कुठे मुरतंय ते कळतं.

दार उघडं ठेवण्याचा कायदा

आपत्कालीन वैद्यक ही अमेरिकेतही तशी तरुण शाखा. १९६१मध्ये व्हर्जिनिया राज्यातल्या अलेक्झांड्रिया इथे डॉ. जेम्स मिल्स आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी आपापली खासगी प्रॅक्टिस सोडून रुग्णालयाची कॅज्युअल्टी पूर्णवेळ चालवायला घेतली. तोवर हे काम शिकाऊ डॉक्टरांवर किंवा पाळीपाळीने येणाऱ्या कुठल्याही शाखेच्या डॉक्टरवर ढकललेलं असे. आज त्वचारोगतज्ज्ञ, उद्या आणखी कोणी. १९६८मध्ये या डॉक्टरांची संघटना निघाली, १९७०मध्ये सिनसिनाटीत पहिला निवासी अभ्यासक्रम सुरू झाला आणि १९७९मध्ये स्वतंत्र शाखा म्हणून मान्यता मिळाली. पैशाची पद्धत मात्र खासगी दवाखान्यातलीच राहिली: रुग्ण तपासायचा, त्याचं बिल करायचं.

ही पद्धत रुग्ण निवडता येतो तोवर ठीक चालते. १९८०च्या दशकात खासगी रुग्णालयं विमा नसलेल्या रुग्णांना, कधी अत्यवस्थ असतानाही, रुग्णवाहिकेत घालून सरकारी रुग्णालयांकडे पाठवू लागली. शिकागोच्या कुक काउंटी रुग्णालयातल्या डॉक्टरांनी अशा रुग्णांची नोंद ठेवून १९८६मध्ये ती प्रसिद्ध केली. बहुतेकांना हलवण्याचं कारण पैसा हेच होतं. त्याच वर्षी ‘एम्टाला’ या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. मेडिकेअरचे, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी विम्याचे, पैसे घेणाऱ्या रुग्णालयाने दारात आलेल्या प्रत्येकाची तपासणी केलीच पाहिजे, प्रकृती धोक्याची असेल तर ती स्थिर केलीच पाहिजे, पैशाची चौकशी नंतर. भारतात परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९मध्ये डॉक्टरांवर टाकलेलं कर्तव्य याच जातीचं. दोन्हीकडे कर्तव्य स्पष्ट आहे, आणि दोन्हीकडे त्याच्यासाठी वेगळी तिजोरी नाही.

या ओझ्याचा आकडा अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या २००३मधल्या अभ्यासात आला. या कायद्यापोटी दिलेल्या सेवेतून एका इमर्जन्सी डॉक्टरची वर्षाकाठी सरासरी १,३८,३०० डॉलरची रक्कम बुडीत जात होती. इतर कुठल्याही शाखेपेक्षा जास्त. ही बिलावरची रक्कम, खिशातून गेलेली नव्हे, हे ध्यानात ठेवायला हवं. तरीही दिशा कळते.

एका छातीदुखीचा हिशेब

रात्री दोन वाजता एक माणूस छातीत जड वाटतं म्हणून येतो, असं धरू. दहा मिनिटांत ईसीजी, रक्तातलं ट्रोपोनिन, एक्स-रे, जुनी कागदपत्रं, काही तासांनी पुन्हा ट्रोपोनिन, हृदयरोगतज्ज्ञाला फोन. आणि मग सर्वांत जोखमीचा निर्णय: याला घरी सोडायचं की ठेवून घ्यायचं. बिलाच्या भाषेत ही पाचव्या पातळीची तपासणी, संकेतांक ९९२८५. मेडिकेअरने तिच्या श्रमाची किंमत ४ एककं ठरवली आहे. त्यात खर्चाची आणि विम्याची एककं मिळवली की बेरीज पाचाच्या थोडी वर जाते. या एककांना आरव्हीयू म्हणतात, आणि तरुण डॉक्टरांच्या बोलण्यात पगाराइतकाच तो शब्द येतो, कारण बोनस त्यावरच ठरतो. २०२५मध्ये एका एककाचा दर होता ३२ डॉलर ३५ सेंट. म्हणजे या रात्रीची डॉक्टरची फी एकशेसत्तर डॉलरच्या आसपास. रुग्णालयाचं बिल वेगळं, आणि ते बरंच मोठं.

रुग्ण पासष्टीच्या पुढचा, मेडिकेअरवाला असेल तर हा दर. गरिबांसाठीच्या मेडिकेडवर असेल तर राज्यागणिक वेगळा, बहुतेक ठिकाणी याहून कमी आणि काही ठिकाणी खूपच कमी. खासगी विमा असेल आणि डॉक्टर त्या कंपनीच्या नेटवर्कमध्ये, म्हणजे तिच्याशी दरांचा करार केलेला, असेल तर, येल विद्यापीठाच्या झॅक कूपर आणि फिओना स्कॉट मॉर्टन यांच्या २०१६च्या अभ्यासात दिसलं त्याप्रमाणे, मेडिकेअरच्या सुमारे तिप्पट. विमाच नसेल तर बिल मोठं आणि वसुली जवळपास शून्य. चौघांचं ट्रोपोनिन तेच, डॉक्टरची झोपही तीच.

शहरातला डॉक्टर तासाला साधारण दोन रुग्ण पाहतो आणि तासाला दोनशे डॉलरहून अधिक मिळवतो. या चार प्रकारच्या रुग्णांचं मिश्रण बरं असेल तरच ते गणित जमतं. नेब्रास्कातल्या एखाद्या छोट्या गावी रात्री अकरा ते सात या वेळात पाचच रुग्ण आले, तर फीच्या हिशेबाने डॉक्टरने बाकीचे तास फुकट काम केलं असं होतं. प्रत्यक्षात तो पूर्ण रात्र तिथे हजर होता, आणि गावाला हवी होती ती नेमकी ही हजेरी.

मेडिकेअरचा दर मधल्या काळात कसा चालला तेही पाहण्यासारखं आहे. एककांची पद्धत १९९२मध्ये लागू झाली तेव्हा दर ३१ डॉलर होता. २०२५पर्यंत तो सव्वा डॉलरच्या आसपास वाढला. तेवढ्या वर्षांत तिथली महागाई दुपटीहून पुढे गेली. एकेका तपासणीला दिलेली एककं मध्यंतरी काहीशी वाढवली गेली, म्हणून चित्र या एका आकड्याइतकं भीषण नाही. पण इथे एक पेच आहे. कायद्याने एकूण खर्चाची मर्यादा बांधलेली असल्यामुळे एका शाखेची एककं वाढवली की सगळ्यांचा दर खाली येतो. २०२१मध्ये बाह्यरुग्ण तपासणीचं मोल वाढवलं, ते बहुतेकांना योग्यच वाटलं; त्याची भरपाई म्हणून दर ३६.०९ वरून ३४.८९ वर आला, तोही अमेरिकी संसदेने, म्हणजे काँग्रेसने, शेवटच्या क्षणी मलमपट्टी केली म्हणून. इमर्जन्सीवाल्यांना बाह्यरुग्ण विभाग नसतो. त्यांच्या वाट्याला त्यातली फक्त कपात येते.

ओबामाकेअर: रुग्ण तेच, बिल देणारा वेगळा

२३ मार्च २०१० रोजी बराक ओबामांनी सही केलेल्या कायद्याची एक लोकप्रिय जाहिरात अशी होती की लोकांना विमा मिळाला की ते नेहमीच्या डॉक्टरकडे जातील आणि कॅज्युअल्टीतली गर्दी ओसरेल. हा अंदाज चुकला, याबद्दल आता फारसा वाद नाही. का चुकला, याबद्दल आहे.

सर्वांत भक्कम पुरावा ओरेगॉनमधला. २००८मध्ये त्या राज्याकडे मेडिकेडच्या जागा थोड्या आणि अर्ज फार होते, म्हणून त्यांनी चक्क सोडत काढली. अर्थतज्ज्ञांना आयता प्रयोग मिळाला. एमी फिंकलस्टीन, कॅथरीन बेकर आणि सहकाऱ्यांनी २०१४मध्ये ‘सायन्स’मध्ये निष्कर्ष मांडले: सोडतीत विमा लागलेल्यांच्या आपत्कालीन विभागातल्या फेऱ्या सुमारे ४० टक्क्यांनी वाढल्या. दुसरीकडे मॅसॅच्युसेट्सने २००६मध्ये मिट रॉम्नींच्या काळात केलेल्या सुधारणेचा अभ्यास करणाऱ्या काहींना फेऱ्या थोड्या घटलेल्या दिसल्या. तिथे दवाखान्यांचं जाळं आधीच दाट होतं, हे त्याचं एक स्पष्टीकरण. विमा मिळाल्याने माणूस बिलाला घाबरेनासा होतो आणि त्याला डॉक्टरही गाठता येतो. कोणता परिणाम वरचढ ठरेल ते गावात संध्याकाळी सातनंतर दवाखाना उघडा असतो की नाही यावर ठरतं, असं म्हणणाऱ्यांच्या बाजूला आज वजन जास्त आहे.

डॉक्टरच्या मिळकतीवर याचा परिणाम दुहेरी झाला. २०१२च्या निकालात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मेडिकेडचा विस्तार राज्यांच्या मर्जीवर सोडला. ज्या राज्यांनी तो केला तिथे विमा नसलेले रुग्ण झपाट्याने घटले आणि त्यांच्या जागी मेडिकेडवाले आले. जिथे काहीच मिळत नव्हतं तिथे थोडं मिळू लागलं. आज ४० राज्यं विस्तारात आहेत. टेक्सास आणि फ्लोरिडा बाहेर आहेत. मात्र कायद्याने २०१३ आणि २०१४ या दोन वर्षांपुरते मेडिकेडचे दर मेडिकेअरच्या बरोबरीला आणले, ते फक्त प्राथमिक सेवा देणाऱ्या डॉक्टरांसाठी. कॅज्युअल्टीतल्यांच्या तोंडाला पानं पुसली गेली.

खासगी विम्यात वेगळंच घडलं. कमी हप्त्याच्या योजनांमध्ये डिडक्टिबल, म्हणजे विमा सुरू होण्याआधी रुग्णाने स्वतः भरायची रक्कम, काही हजार डॉलरवर गेली. कागदोपत्री विमाधारक असलेल्या रुग्णाकडून आता डॉक्टरच्या बिलिंग ऑफिसने वसुली करायची. वर्षाच्या सुरुवातीला आलेल्या रुग्णाचा विमा म्हणजे जवळजवळ नसल्यासारखाच.

एक गोष्ट डॉक्टरांच्या बाजूने निर्विवाद झाली. ‘सर्वसामान्य समंजस माणसाला जे लक्षण तातडीचं वाटेल ते तातडीचंच’, ही आधी मेडिकेअर आणि मेडिकेडच्या काही योजनांपुरती असलेली कसोटी ओबामाकेअरने खासगी विम्यालाही लावली. छातीदुखी शेवटी ॲसिडिटी निघाली म्हणून बिल नाकारता येणार नाही. तरीही २०१७मध्ये अँथम कंपनीने जॉर्जिया, मिसूरी अशा राज्यांत ‘टाळता येण्याजोग्या’ फेऱ्यांची बिलं नंतर नाकारायला सुरुवात केली आणि प्रकरण न्यायालयात गेलं. युनायटेड हेल्थकेअरने २०२१च्या जूनमध्ये तसाच बेत जाहीर केला, ओरड होताच काही दिवसांत पुढे ढकलला. विमा कंपन्यांचं म्हणणं एका टोकाला ठीक आहे: सर्दीसाठी हजार डॉलरचं दार कशाला? पण सर्दी आहे हे तपासल्यावरच कळतं, आणि तपासायचं कोणी हे एम्टालाने आधीच ठरवून टाकलं आहे.

अनपेक्षित बिलं आणि वॉल स्ट्रीट

रुग्णालय नेटवर्कमधलं, पण रात्री तपासणारा डॉक्टर बाहेरचा. कूपर आणि स्कॉट मॉर्टन यांना २०१६मध्ये आढळलं की नेटवर्कमधल्या रुग्णालयांच्या कॅज्युअल्टीत गेलेल्यांपैकी २२ टक्क्यांना असा डॉक्टर भेटला होता. नेटवर्कबाहेरचे डॉक्टर मेडिकेअरच्या सुमारे आठपट बिल लावत, आणि विम्याने दिलेले पैसे वजा जाता उरलेलं बिल रुग्णाच्या घरी येई. रुग्णवाहिकेत झोपलेल्या माणसाने डॉक्टरचं नेटवर्क कधी तपासायचं?

याच सुमाराला पैसेवाले गुंतवणूकदार या शाखेत उतरले होते. ब्लॅकस्टोन या गुंतवणूक कंपनीने टीमहेल्थ ही डॉक्टर पुरवणारी कंपनी सुमारे ६.१ अब्ज डॉलरला घेतली. केकेआर या दुसऱ्या गुंतवणूक कंपनीने २०१८मध्ये एन्व्हिजन कर्जासह ९.९ अब्ज डॉलरच्या आसपास. कूपर यांच्या नंतरच्या अभ्यासात दोन कंपन्यांच्या दोन तऱ्हा दिसल्या. एन्व्हिजनची एमकेअर ही शाखा रुग्णालयात शिरली की नेटवर्कबाहेरची बिलं एकदम वाढत. टीमहेल्थ बाहेर पडण्याची धमकी वापरून काही महिन्यांनी नेटवर्कमध्ये परते, तेव्हा तिचा दर आधीपेक्षा ६८ टक्के जास्त असे.

डॉक्टरांच्या संघटना याचं वेगळं वाचन करतात. त्यांच्या मते नेटवर्कबाहेर राहण्याची शक्यता हीच विमा कंपनीसमोर डॉक्टरच्या हातातली एकमेव काठी होती. कायद्याने सेवा नाकारता येत नाही, मग दर तरी कशाच्या जोरावर मागायचा? या म्हणण्यात तथ्य आहे. मात्र त्या काठीचा मार विमा कंपनीपेक्षा रुग्णाला जास्त बसला, हेही तितकंच खरं. शिवाय वाढलेल्या वसुलीतलं किती डॉक्टरच्या हाती पडलं आणि किती कर्जाच्या व्याजात गेलं, हे कंपन्यांच्या वह्यांबाहेर कधी फारसं आलं नाही.

नो सरप्राइझेस ॲक्ट

डिसेंबर २०२०मध्ये मंजूर झालेला आणि १ जानेवारी २०२२पासून लागू झालेला हा कायदा रुग्णापुरता सरळ आहे. आपत्कालीन उपचारात नेटवर्कमध्ये जेवढं भरावं लागलं असतं तेवढंच भरायचं, उरलेलं डॉक्टर आणि विमा कंपनी यांनी आपसात बघून घ्यायचं. रुग्णाला मधून बाहेर काढलं, यावर सगळ्या बाजूंचं एकमत आहे. (रस्त्यावरच्या रुग्णवाहिका मात्र कायद्यातून सुटल्या. आणि पुण्या-नाशिकहून नातवंडं बघायला जाणारे आईबाबा जो प्रवासी विमा घेऊन जातात, त्यालाही हे संरक्षण लागू नाही. तिथे जुनाच खेळ चालू आहे.)

डॉक्टर आणि विमा कंपनी यांचं कामकाजाच्या ३० दिवसांत जमलं नाही तर लवाद. दोघांनी एकेक आकडा द्यायचा, लवादाने त्यातला एकच निवडायचा, मधला काढायचा नाही. तुलनेसाठी एक पात्र रक्कम असते: विमा कंपनीने २०१९मध्ये त्या भागात केलेल्या करारांमधला मध्यवर्ती दर, महागाई धरून. ती काढते विमा कंपनीच. सरकारने नियम करताना लवादाने याच रकमेला झुकतं माप द्यावं असं म्हटलं. टेक्सासच्या डॉक्टरांच्या संघटनेने दावा लावला आणि फेब्रुवारी २०२२मध्ये टायलर इथल्या न्यायाधीश जेरेमी कर्नोडल यांनी ते कलम रद्द केलं. पुढचे खटले वर्षानुवर्षं चालले.

वर्षाला सुमारे १७ हजार प्रकरणं येतील असा सरकारी अंदाज होता. २०२३ या एकाच वर्षात पावणेसात लाखांहून अधिक आली. निकाल लागलेल्यांपैकी पाचातली चार डॉक्टरांच्या बाजूने गेली. सर्वाधिक प्रकरणं दाखल करणारे मात्र एकटे-दुकटे डॉक्टर नव्हते; टीमहेल्थसारख्या गुंतवणूकदारांच्या मोठ्या कंपन्याच यादीत वर होत्या.

विमा कंपन्या आणि मोठ्या मालकांच्या संघटना म्हणतात, लवाद हा आता दर फुगवण्याचा कारखाना झाला आहे आणि त्याचा भार शेवटी हप्त्यावर पडेल. काँग्रेसच्या अंदाजपत्रक कार्यालयाने सुरुवातीला अंदाज बांधला होता तो हप्ते अर्धा ते एक टक्का कमी होतील असा. डॉक्टर म्हणतात, मुळातली रक्कम इतकी कमी धरली जाते म्हणूनच आम्ही जिंकतो. विमा कंपन्यांनी कायद्याचा धाक दाखवून जुने करार मोडले किंवा दर पाडले. आणि लवादात जिंकूनही पैसे वेळेवर येत नाहीत. यातल्या शेवटच्या तक्रारीला २०२५च्या जूनमध्ये नवं वळण मिळालं. पाचव्या सर्किट न्यायालयाने ठरवलं की लवादाचा निकाल वसूल करायला डॉक्टरला थेट दावा लावता येत नाही. वसुलीसाठी दंडाची तरतूद करणारं विधेयक त्यानंतर काँग्रेसमध्ये मांडलं गेलं.

लहान गटांची अडचण वेगळीच. एकेका बिलासाठी लवादाचं प्रशासकीय शुल्क कधी ५० डॉलर होतं, २०२३मध्ये एकदम ३५० झालं, न्यायालयाने ते रद्द केलं, २०२४पासून ११५ आहे. दीड-दोनशे डॉलरच्या फरकासाठी एवढं भरून, वर लवादाची वेगळी फी भरून भांडायला मोठी बिलिंग फौज लागते. ज्या कायद्याने मोठ्या कंपन्यांना वेसण घालायची होती, त्याच्या दुसऱ्या अंकात टिकून राहायला मोठं असणं फायद्याचं ठरलं, असं दिसतं.

मग पगाराचं काय झालं?

२०२५च्या एप्रिलमध्ये रँड संस्थेचा अहवाल आला. इमर्जन्सी क्षेत्रातल्याच एका संस्थेने त्यासाठी पैसे दिले होते, हे वाचताना लक्षात ठेवावं. २०१८ ते २०२२ या काळात, महागाई वजा जाता, दर फेरीमागे डॉक्टरच्या फीपोटी मिळणारी रक्कम मेडिकेअर आणि मेडिकेडकडून ३.८ टक्क्यांनी, खासगी विम्याच्या नेटवर्कमध्ये १०.९ टक्क्यांनी आणि नेटवर्कबाहेर ४७.७ टक्क्यांनी घसरली. मिळायला हव्या होत्या त्यातले सुमारे २० टक्के पैसे हातीच आले नाहीत.

पगार मात्र त्या वेगाने कोसळले नाहीत. मेडस्केपच्या वार्षिक पाहणीत २०१९मध्ये इमर्जन्सी डॉक्टरची सरासरी मिळकत साडेतीन लाखांच्या किंचित वर होती आणि २०२३मध्येही तेवढीच. आकडा जागेवर, किंमत खाली. फी घटली आणि पगार टिकला, यातली फट भरली रुग्णालयांनी: पुरवठादार कंपन्यांना दिल्या जाणाऱ्या अनुदानातून. ज्या रुग्णालयाला ते परवडत नाही तिथे डॉक्टरचे तास कमी करून नर्स प्रॅक्टिशनर आणि फिजिशियन असिस्टंट नेमले जातात. इंडियानाने २०२३मध्ये आणि व्हर्जिनियाने त्यानंतर कायदा करून आपत्कालीन विभागात डॉक्टर प्रत्यक्ष हजर असणं सक्तीचं केलं. ग्रामीण रुग्णालयांच्या बाजूने विचारलं जातं, डॉक्टर मिळालाच नाही तर विभाग बंद करायचा का? डॉक्टरांच्या बाजूने माजी सैनिकांच्या रुग्णालयांतला अभ्यास पुढे केला जातो; डेव्हिड चॅन आणि यिकुन चेन यांना तिथे नर्स प्रॅक्टिशनरने पाहिलेल्या रुग्णांचा मुक्काम लांबलेला आणि खर्च वाढलेला आढळला.

तरुणांनी आपला कौल आधीच दिला होता. २०२१मध्ये इमर्जन्सी डॉक्टरांच्या संघटनेनेच करून घेतलेल्या अभ्यासाने २०३०पर्यंत हजारो डॉक्टर जास्त होतील असं भाकीत केलं. कोविडच्या पहिल्या लाटेत फेऱ्या एकदम ४२ टक्क्यांनी घटल्या होत्या आणि ‘योद्ध्यां’चे तास कापले गेले होते, तेही ताजं होतं. निवासी जागांच्या वाटपात २०२२ साली २१९ जागा रिकाम्या राहिल्या, २०२३मध्ये साडेपाचशेहून अधिक. पुढच्या दोन वर्षांत त्या बऱ्याचशा भरल्या. डॉक्टरांचं ते अतिरिक्त पीक खरोखर येणार होतं का, यावर आता संशोधकांतच मतभेद आहेत. कामाला कंटाळून शाखा सोडणाऱ्यांचा हिशेब त्यात कमी धरला गेला, असा आक्षेप आहे.

हजेरीचे पैसे

या सगळ्या सुधारणांनी दर, नियम आणि देणारे बदलले, पण फेरीमागे फी ही चौकट तशीच ठेवली. अग्निशमन दलाला आगीमागे पैसे देत नाहीत, हा दाखला या वादात वारंवार येतो, आणि तो चपखल आहे म्हणूनच येतो.

याला एक छोटा अपवाद आहे, तोही ज्या डिसेंबर २०२०च्या कायदेगाठोड्यात नो सरप्राइझेस ॲक्ट होता त्यातच. ‘ग्रामीण आपत्कालीन रुग्णालय’ असा नवा वर्ग २०२३पासून सुरू झाला: खाटा बंद करायच्या, कॅज्युअल्टी चोवीस तास चालू ठेवायची, आणि रुग्ण येवोत न येवोत, मेडिकेअर दरमहा ठरावीक रक्कम देणार. पहिल्या वर्षी ती २,७२,८६६ डॉलर होती. खाटा सोडायला गावं सहजी तयार होत नाहीत, म्हणून आतापर्यंत चाळीसच्या आसपास रुग्णालयांनीच हा मार्ग घेतला आहे. शिवाय पैसे मिळतात रुग्णालयाला. डॉक्टर सतत जागेवर असलाच पाहिजे अशी अट नाही. मेरीलँडने २०१४पासून रुग्णालयांना वर्षाचं बांधलेलं अंदाजपत्रक दिलं. त्यातही डॉक्टरांची फी बाहेरच राहिली, आणि खर्च आटोक्यात राहिला तरी तिथल्या कॅज्युअल्टीतली प्रतीक्षा देशातल्या सर्वांत लांब प्रतीक्षांपैकी आहे.

म्हणजे हजेरीचे पैसे वेगळे द्यावेत, या मताला पाठिंबा वाढतो आहे, पण ते कोणी, कोणाला आणि कशाच्या बदल्यात द्यावेत यावर गाडी अडली आहे. राज्यांनी द्यायचे तर गरीब राज्यं मागे पडतात. विमा कंपन्यांकडून घ्यायचे तर ते हप्त्यात उतरतात. रुग्णालयामार्फत द्यायचे तर डॉक्टरांना विश्वास नाही. ओरेगॉनने २०२५च्या जूनमध्ये वैद्यकीय व्यवसायावरचं कंपन्यांचं नियंत्रण आवळणारा कायदा केला आहे. त्याने डॉक्टरच्या हातात जास्त पडतं की पुरवठादार राज्य सोडून जातात, हे कळायला काही वर्षं जातील.

दरम्यान जमीनच हलली आहे. ४ जुलै २०२५ रोजी डोनाल्ड ट्रम्प यांनी सही केलेल्या कायद्यामुळे २०३४पर्यंत सुमारे एक कोटी जास्त लोक विम्याविना राहतील, असा काँग्रेसच्या अंदाजपत्रक कार्यालयाचा अंदाज आहे. मेडिकेडसाठी कामाची अट २०२७पासून लागू व्हायची आहे, आणि ओबामाकेअरच्या हप्त्यांवरचं वाढीव अनुदान २०२५अखेर संपलं. समर्थक म्हणतात, धडधाकट प्रौढांनी काम करावं ही अपेक्षा गैर नाही, आणि ग्रामीण आरोग्यासाठी पाच वर्षांत ५० अब्ज डॉलर ठेवले आहेतच. विरोधकांच्या मते अट न पाळल्यापेक्षा कागद न भरल्यामुळेच जास्त लोक गळतील, आणि ते सारे एम्टालाच्या दारातून आत येतील. त्याच कायद्यात डॉक्टरांसाठी मेडिकेअरच्या दरात अडीच टक्के वाढ आहे, म्हणून २०२६चा दर पुन्हा ३३ डॉलरच्या वर गेला. ही वाढ फक्त त्या एका वर्षापुरती आहे. काँग्रेसने वेगळं काही केलं नाही तर कामाची अट सुरू होईल त्याच १ जानेवारीला ती गळून पडेल.